पंचावन्न किलो

मास्तर,

हे पत्र लिहायचं मी सहा वर्षं टाळलं. कारणं भरपूर होती आणि ती मी माझी मलाच देत आलो. कधी कागद नव्हता, कधी कागद होता तर बसायला जागा नव्हती. ट्रकवर क्लीनर होतो तेव्हा एकदा ड्रायव्हरकडून पेन मागून घेतलं, वहीतलं पान फाडलं, वर ‘मास्तर’ एवढं लिहिलं आणि त्याच पानावर दुसऱ्या दिवशी टायरचे नंबर लिहून काढले. नंतर कोल्हापूरकडे एका गुऱ्हाळावर राहिलो, तिथं वेळच वेळ होता, पण गुळाच्या वासानं डोकं असं जड व्हायचं की दुपारभर झोपच काढली. आणि मुळात तुम्ही गेलेले. गेलेल्या माणसाला पत्र लिहितोय म्हटलं की चार पोरं हसणार. माझं शिक्षण तुम्हाला ठाऊक आहे, नववीत दोनदा बसलो आणि तिथंच उठलो. पण तुम्ही कधी कुणाची वही बघितली नाहीत, तुम्ही पाय बघायचात, कुठला आधी उचलतो ते. तेव्हा लिहिण्यातल्या चुका पोटात घाला.

सध्या मी कांजूरमार्गला आहे. मिठागरांच्या बाजूला एका मंडळाची पत्र्याची व्यायामशाळा आहे, तिथंच राहतो. काम म्हणाल तर मैदानाचं. माती चाळायची, पाणी मारायचं, फक्कीनं रेषा आखायच्या. खारट वारं सुटलं की फक्की उडते आणि पुन्हा आखायला लागते, तोच काय तो त्रास. हे मी कुठं भरकटलो. सांगायचं हे की उद्या सकाळी इथं वजनं आहेत. फळ्यावर मंडळाच्या पोरानं खडूनं लिहिलंय, ‘पंचावन्न किलो वजनी गट’. आज दुपारी मला वाण्याकडून काटा आणायला पाठवलं. मोठा, उभं राहायचा, पोती मोजायचा काटा. हातगाडीवर घालून आणला, दारात ठेवला, बरोबर चालतो का बघायला म्हणून स्वतःच चढलो. एकसष्ट भरलो. उतरलो आणि कागद शोधून बसलो. काटा तिकडं, मी इकडं, मधे दार उघडं आहे.

मला आठवतो तो आपला वखारीतला काटा. मरोळ नाक्यावर कोळशाची वखार होती, स्पर्धेच्या सकाळी मालक अर्धा तास काटा द्यायचा. पोरं चड्डीवर रांगेत उभी, अनवाणी, थंडीनं काखेत हात. फळीवर कोळशाची भुकटी असायची, म्हणून चढून उतरलेल्या प्रत्येकाचे तळवे काळे. मैदानात आलं की कुठल्या पोराचं वजन झालं आणि कुठल्याचं राहिलं ते तळवे बघून कळायचं. पंचावन्नच्या वर जराही गेलं की बाहेर, मग घरी जाऊन रडा नाहीतर भजी खा. काही मंडळांची पोरं आदल्या दिवसापासून पाणी तोंडात धरून थुंकत हिंडायची, लिंबू चोखायची. तुम्हाला ते चालत नसे. तुम्ही म्हणायचात, “वजन उतरवायला तू काय बोंबील हायस? वाळत घालू तुना दोरीवर?” पोरं हसायची. तुम्ही हसत नव्हता. ज्याचं वजन वर जाईल तो वरच्या गटात खेळेल, मार खाईल, शिकेल, असा तुमचा हिशोब. दिवसा कारखान्यात फिटर, संध्याकाळी मैदानात आमच्यावर ओरडणारे, आणि तरी तुमचं ओरडणं कुणाला लागत नसे. कारण एक शिवी घातली की लगेच विचारायचात, “पाणी प्यायलास?”

रविवारी तुम्ही आम्हाला जुहूच्या वाळूत पळवायचात. वाळूत पळून पिंढऱ्या भरून आल्या की तसेच चालत वेसाव्याला तुमच्या घरी. तुमचं स्वयंपाकघर म्हणजे मागची पडवी. काकी खाली बसून मासळी निवडतेय, चुलीवर पेज शिजतेय, आम्ही सात-आठ जण भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी. पेजेत मीठ जास्त. सुक्या जवळ्याची चटणी. काकी वाढताना कुणाची ताटली रिकामी दिसली की विचारत नसे, पळी उपडीच करायची. मी तिथं जेवढं जेवलो तेवढं माझ्या घरी कधी जेवलो नसेन. आमच्या घरी कमी होतं म्हणून नाही. आमच्या घरी माझ्या ताटाकडे बाबा बघत असायचे.

बाबांबद्दल लिहितो. तुम्ही त्यांना ओळखत होता, पण मैदानावरचे. गिरणीचा संप सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. गिरणी बंद झाली आणि बाबांना दिवसभर एकच काम उरलं, ते म्हणजे मी. तरुणपणी ते गिरणीच्या संघातून कबड्डी खेळलेले, गुडघा गेला म्हणून सुटलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. बँकेचा संघ आहे, बँक खेळाडूंना नोकरी देते, आणि बँकेचे दोन साहेब या हिवाळ्यात उपनगरातली कोवळी पोरं बघायला येणार आहेत, ती पंचावन्न किलोच्या गटात. त्या गटात मी उठून दिसत होतो. वरच्या गटात मी कोण? तिथं माझ्या मांडीएवढे दंड असलेले बाप्ये खेळायचे.

म्हणून मग घरात शाळा सुरू झाली. दहा बाय बाराची आमची खोली, बाबांनी खडूनं फरशीवर मध्यरेषा ओढली ती थेट मोरीपर्यंत. आई उजवा कोपरा, धाकटी बहीण डावा, मी चढाई करायची. आई स्टोव्हसमोर बसलेली, हाताला पीठ. बाबा ओरडतात, “उठ गो, तो आत इलो.” आई म्हणते, “माझी भाकरी करापता हा.” एकदा तिनं बसल्या बसल्या माझा घोटा धरला आणि मी डब्यांवर आडवा. डाळ सांडली. आई इतकी हसली की तिला ठसका लागला, म्हणाली, “माकाच घेवा आता संघात.” बाबा हसले नाहीत. ते मला म्हणाले, “बायलमाणसानं धरलो तुका. बँकेचे साहेब काय बघतले?” आणि त्या संध्याकाळी आई सांडलेली डाळ निवडत असताना त्यांनी मला पुन्हा सतरा वेळा रेषा ओलांडायला लावली. सतरा मोजल्या, कारण बहीण मोजत होती.

मैदानावर तुम्ही एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला. तुम्ही म्हणणार, थांब. ते म्हणणार, आत जा. पंचांशी भांडण, समोरच्या संघातल्या पोरांच्या आयांशी भांडण. एकदा पंचांनी त्यांना मैदानाबाहेर काढलं तर ते शेजारच्या भिंतीवर चढले आणि तिथून सुरू. पोरं मला चिडवायची, “ए, तुझा बाप लाऊडस्पीकर आहे की भोंगा?” मीही हसायचो. सामना संपल्यावर मी पुढं, ते चार पावलं मागं, आणि नाक्यापासून घरापर्यंत माझ्या चुका. मला वाटायचं रस्ता संपूच नये, कारण घरी पोचलं की त्या चुका करून दाखवायला लागणार. त्यांच्या गुडघ्याचा त्यांना त्रास होता. तरी ते स्वतः दाखवायचे, फरशीवर, लुंगी वर खोचून. ते मला आता आठवतं. तेव्हा फक्त राग यायचा.

त्या हिवाळ्यात मी एकदम वाढलो. साडेअठ्ठावन्न. तुम्ही वखारीत एका संध्याकाळी सहज चढवलंत आणि म्हणालात, “झालं, आता वर खेळायचं.” बाबा तिथंच होते. तुमची बाचाबाची झाली. ते म्हणाले, “मास्तर, तुमचा पोटापाण्याचा चालू हा, म्हणून तुमका सुचता.” तुम्ही म्हणालात, “पोरगं तुमचं हाय, पण मैदानात माझं. उपाशी ठेवून खेळवणार नाय.” मग बाबा एकदम शांत झाले, बरं म्हणाले. तुम्हाला ते खरं वाटलं. घरी आलो तर दारातच म्हणाले, “बारा दिस आसत. मास्तराक सांगू नको.”

ते बारा दिवस मी तुमच्यासमोर रोज खोटं बोललो. दोन स्वेटर, वर खताची प्लास्टिकची पिशवी भोकं पाडून, आणि पहाटे आरेच्या रस्त्यानं पळायचं. बाबा मागून कुणाचीतरी सायकल घेऊन, मी चालायला लागलो की घंटी. दिवसाला एक भाकरी, मग अर्धी, मग एरंडेल. पाणी कपात, चहाच्या कपात. आई रडायची आणि मोरीत जाऊन मला चोरून पेला द्यायची, तर मीच घेत नसे. हे लिहायला हवं. मलाही जिद्द आली होती. तुम्ही संध्याकाळी विचारायचात, “तोंड का सुकलंय रं?” मी म्हणायचो, “अभ्यास, मास्तर.” अभ्यास. तुम्ही त्यावरसुद्धा विश्वास ठेवलात.

आदल्या दिवशी मी पंचावन्न आणि वर पाव किलो होतो. बाबांनी मला नाक्यावरच्या न्हाव्याकडे नेलं आणि सांगितलं, पुरा उतरव. न्हावी आमच्याच गावाकडचा. त्यानं वस्तरा खाली ठेवला, विचारलं, “कोण गेला?” बाबा म्हणाले, “कोण नाय. तू काढ.” तो म्हणाला, “बापासमोर पोराचा डोक्या कसा उतरवू? लोक माझ्या तोंडात शेण घालतले.” बाबा म्हणाले, “वजान करूचा हा त्याचा.” न्हावी हसायला लागला, “केसांचा वजान? मगे माझा दुकान वखारीत नसता?” तरी काढले. खाली पडलेले केस बाबांनी हातात घेऊन तोलून बघितले. घरी आलो तर आईनं दार उघडलं आणि माझ्याकडे बघून मंगळसूत्र मुठीत धरलं. मग बाबांना म्हणाली, “घो जितो असताना माका ह्या बघूचा लागला.” त्या रात्री ती जेवली नाही, म्हणजे घरात आम्ही दोघं उपाशी.

सकाळी वखारीत मी लवकर पोचलो, बाबा मागून येत होते. रांगेतली पोरं माझं डोकं बघून गप्प झाली. दुसऱ्या मंडळाचे सेक्रेटरी, एरवी बाबांना भोंगा म्हणून मला चिडवणारे, त्यांनी टोपी काढली. कुणी पाठीवर हात ठेवला, कुणीतरी म्हणालं, संपानं खाल्लं माणसाला. मला आधी कळेना. मग तुम्ही आलात. हातातली वही बाजूला ठेवलीत, माझ्याजवळ येऊन हळू विचारलंत, “कवा रं गेले?” आणि उत्तराची वाट न बघता माझं डोकं छातीशी धरलंत. तुमच्या शर्टाला ग्रीसचा वास. मी बोललो नाही, मास्तर. नाही, असं काही नाही, एवढंच म्हणायचं होतं आणि मी म्हटलं नाही. तुम्ही धरलंत आणि सोडलंत, तेवढाच वेळ. तेवढ्या वेळात मला फार हलकं वाटलं. आता कुणी ओरडणार नाही, आता मी जेवीन, असं वाटलं. बाप गेल्याचं जे वाटायला हवं त्यातलं काहीच वाटलं नाही. आणि मागून आवाज आला, “चप्पल काढ ती आधी. पावशेर असता तिचा.”

सगळी वखार वळून बघायला लागली. मेलेला माणूस मफलर गुंडाळून उभा. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसले, मालकसुद्धा. बाबांना कळेना का हसतात. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही माझ्याकडे बघत होता, डोक्याकडे नाही, बरगड्यांकडे. मी फळीवर चढलो, दांडी थरथरली आणि बरोबर आडवी झाली. पंचावन्न. बाबांनी टाळी वाजवली. तुम्ही लिहिणाऱ्याला म्हणालात, याचं नाव लिहू नका. मग जे झालं ते तुम्ही पाहिलंतच, बाबा अध्यक्षांना घेऊन आले, अध्यक्ष म्हणाले वजन बसतंय तर खेळू दे, मंडळालाही कप हवाय. शेवटी तुम्ही मला बाजूला घेतलंत. “तू सांग. सकाळपासून काय खाल्लंस?” मी म्हटलं, पेज. “खेळणार?” मी बाबांकडे बघितलं आणि म्हटलं, खेळणार. तुम्ही नाव लिहिलंत.

तिसऱ्या चढाईला गेलो तेव्हा मला मैदान दिसतच नव्हतं, फक्त आवाज येत होते. तुमचा आवाज, “मागं ये, मागं ये.” त्यांचा, “आत जा.” मी आत गेलो. दम चालू होता तो कधी थांबला कळलं नाही. समोरच्या सातांनी सवयीनं पकड केली, अंगावर पडले, आणि मग एकेक करून सोडून उभे राहिले, कारण माझं अंग ओल्या गोणीसारखं लागलं त्यांना. हे मला नंतर त्यांच्यातल्याच एकानं सांगितलं. पालिकेच्या दवाखान्यात दोन दिवस सलाइन लावलं. तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात, हातात अॅल्युमिनियमचा डबा, काकीची पेज, पातळ, वर बोटभर जवळा. बाबा खाली चहाला गेले होते. तुम्ही मला चमच्यानं भरवलंत, मोठा सोळा वर्षांचा घोडा मी. आणि म्हणालात, “मला काट्यावरच कळलं होतं. तुला उतरवायला पायजे होतं मी. चूक माझी.” मी तोंड उघडलं ते पुढच्या चमच्यासाठी.

त्यानंतरच्या रविवारी मंडळात बैठक झाली. सकाळची वेळ, देवळाशेजारची ती खोली, दारात इतर पोरांचे आईबाप. त्यांच्यात कुजबुज होती की इथं पोरांना उपाशी ठेवतात, उद्या कुणी दगावलं तर काय. बाबा माझ्या शेजारी. तुम्ही समोर, स्टूलवर. अध्यक्षांनी बाबांना विचारलं नाही, तुम्हाला विचारलं नाही. मला विचारलं. “तुला जेवू नको म्हणून कुणी सांगितलं? घाबरू नको, बोल.”

बाबांनी मला काही पढवलं नव्हतं. घरातून निघताना ते एक शब्द बोलले नव्हते, त्या सकाळी त्यांनी माझ्या ताटात दोन भाकऱ्या स्वतः वाढल्या होत्या. पुढं लोकांनी म्हटलं की बापानं पोराच्या तोंडून वदवून घेतलं, आणि मी ते खोडून काढलं नाही, अजूनपर्यंत कुणापाशी नाही. बाबा खाली फरशीकडे बघत होते. दारातल्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. मला वाटलं, मी ‘बाबांनी’ म्हटलं की उद्यापासून ते नाक्यावर कसे उभे राहतील. असंही वाटलं की संध्याकाळी घरी त्यांच्याबरोबर मला जायचंय, तुमच्याबरोबर नाही. कुठलं आधी वाटलं ते सांगता येणार नाही. मी म्हटलं, “मास्तरांनी.”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी तुमच्याकडे बघितलं नाही, पण बघितलंत ते कळलं. तुम्ही म्हणालात, “पोरगं म्हणतंय तर तसंच असेल.” एवढंच. व्यायामशाळेची चावी टेबलावर ठेवलीत, शिट्टी गळ्यातून काढलीत, तिचा दोरा कॉलरला अडकला तो नीट सोडवलात. चप्पल घालताना वाकून मला म्हणालात, “डबा घरी हाय ना? काकी मागत होती.”

परत येताना त्या दिवशी बाबा पुढं चालत होते आणि मी मागं. नाका ओलांडल्यावर ते थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “मीच सांगणार होतंय रे.” खरं असेल का? मी किती वेळा घोळवलं ते. कधी वाटतं, माणूस नंतर असंच म्हणतो. कधी वाटतं, अजून एक श्वास मी गप्प राहिलो असतो तर त्यांनी मान वर केली असती, आणि त्यांचंही काहीतरी निभावलं असतं. ते पुन्हा मैदानावर आले नाहीत. एका कंपनीत वॉचमन लागले. मीही खेळलो नाही. घरात खडूची रेषा बरेच दिवस होती, आई रोज फरशी पुसायची आणि ती रोज थोडी थोडी जायची.

डबा मी द्यायला गेलो होतो. आईनं रिकामा देऊ नये म्हणून त्यात दोन नारळाच्या वड्या घातल्या होत्या. दारातून काकीची पाठ दिसत होती, ती कोयतीवर सुरमई करत होती. मी डबा ओट्यावर ठेवला आणि पळालो. पुढच्या वर्षी होळीच्या आधी तुम्ही गेलात, कावीळ म्हणे. मला अंधेरीत एकानं सांगितलं, भेळ खाता खाता सांगावं तसं. मी वेसाव्याला आलो. बोंबील वाळत घातलेल्या वलांड्यांपर्यंत आलो, तिथून तुमच्या दारातली गर्दी दिसते. वास नाकात बसला तो घेऊन परत फिरलो. आणि त्या महिन्यात घर सोडलं. लोकांना वाटतं मला फिरायची आवड आहे.

आता कालचं सांगतो, ज्यासाठी बसलो. काल संघांची नावं नोंदवायला पोरं आली, त्यात वेसाव्याचा संघ. एक पोरगा, सतरा-अठराचा, फॉर्म भरता भरता माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, “तुम्ही मरोळचे ना? ते चक्कर येऊन पडलेले, टक्कल केलेले?” तुमच्या भावाचा मुलगा, तेव्हा चड्डीत हिंडायचा. मी हो म्हटलं. तो अगदी सहज बोलत होता. म्हणाला, “आमच्या घरात तुमची गोष्ट सारखी निघते. काकांच्या हातून पोरगं मरता मरता वाचलं म्हणून. काका कधी काही बोलायचे नाहीत त्यावर. काकी मात्र आम्हाला वजनाच्या दिवशी समोर बसवून जेवायला घालते. सगळ्या संघाला. एक घास ठेवला तरी उठू देत नाही. म्हणते, या घरानं एकदा पाप केलंय, पुन्हा नको.”

मी त्याचा फॉर्म घेतला आणि शिक्का उलटा मारला.

मला वाटायचं मास्तर, की माझं खोटं त्या खोलीतच राहिलं. लोक चार दिवस बोलले आणि विसरले, तुम्ही गेलात, संपलं. ते तुमच्या घरात जाऊन बसलंय हे मला ठाऊक नव्हतं. काकीनं सहा वर्षं तुमच्यावर ते धरलं. तुम्ही तिला सांगितलं नाहीत. का नाही सांगितलंत? बायकोला तर सांगतो माणूस. तिनं विचारलं असेल, आणि तुम्ही तिलाही तेच म्हटलं असेल, पोरगं म्हणतंय तर तसंच असेल. हे पत्र म्हणूनच. पण लिहिता लिहिता कळतंय की मी चुकीच्या माणसाला लिहितोय. तुम्हाला तर सगळं माहीतच होतं. वेसाव्याला जायला इथून गाडी आणि बस, दीड तास. मी कोल्हापूरपर्यंत फिरलो.

थांबा. बाहेरून त्याच पोरानं हाक मारली. म्हणतो, “काकी आलीय. उद्या येणार होती संघाबरोबर, पण तुम्ही इथं हाय म्हटल्यावर राहवलं नाय तिला. तुम्हाला बघायचंय म्हणते.” आवाज खाली करून म्हणाला, “माफी मागायची म्हणते. डबा आणलाय.”

इथून दारातून दिसते. नळावर पाय धुतेय, पाटी बाजूला ठेवलीय. केस पिकलेत, पण पाठ तीच. पोराला काहीतरी विचारतेय आणि त्यानं या दाराकडे हात दाखवला. हा कागद तिच्या हातात देऊन मोकळा झालो असतो, पण तिला वाचता येत नाही, तुम्ही संघाच्या चिठ्ठ्याही तिला वाचून दाखवायचात. म्हणजे तोंडानंच सांगावं लागणार, आणि ती माफी मागायच्या आधी.

व्यायामशाळेला मागच्या बाजूला एक दार आहे. खोटं कशाला बोलू, मी आत्ता ते जाऊन बघून आलो. कडीला हात लावला. काढली नाही.